फासात अडकलेला ससा : हलाल की हराम?

‘शिकार तर इस्लामने हलाल केली आहे’ हे वाक्य आपल्या घरांत सहज उच्चारले जाते. ते खरे आहे. परंतु अपुरे आहे. सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकविलेल्या शिकारी जनावराने पकडून आणलेले भक्ष्य वैध ठरविले आहे. मात्र आदल्याच आयतीत गळा आवळून, मार बसून, उंचावरून पडून किंवा शिंग लागून मेलेले जनावर निषिद्ध आहे. जिवंत हाती लागून जबह करता आले तरच ते खाता येते. म्हणजे प्राणी कोणता एवढाच प्रश्न नाही, तो मेला कसा हेही पाहावे लागते.

आता आपल्या बीडच्या शिवारांत काय चालते ते पाहा. बांधावर तारेचा फास लावतात. रात्रीतून ससा गुदमरून मरतो. फास लावताना बिस्मिल्लाह म्हटल्याने तो हलाल होत नाही. रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून मेलेले हरीण मुर्दारच. आणि अशा तारांनी माणसेही दगावतात, त्याचा हिशेब निराळा. जाळ्यात तितर जिवंत सापडतो, म्हणून तेथे जबह शक्य असते. बंदुकीच्या गोळीने मेलेल्या शिकारीविषयी उलेमांत मतभेद आहेत. हनफी फिकहचे बहुसंख्य विद्वान ती आघाताने मेलेली मानतात.

हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी पैगंबर (स.) यांना हेच विचारले होते. टोक रुतून मेलेले खावे, आडव्या माराने मेलेले खाऊ नये, असे उत्तर मिळाले. आपल्या कुत्र्यासोबत दुसरा कुत्रा आढळला आणि कोणी मारले हे कळले नाही, तरीही ते सोडावे. शंकेचा लाभ येथे जिभेला मिळत नाही!

शिवाय शिकार मुबाह आहे, फर्ज नव्हे. ती सोडल्याने दीनमध्ये काही उणे होत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट, चिंकारा व मोर यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद ठेवली आहे. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य 1994 पासून याच रक्षणासाठी आहे. मोर खाणे वैध की अवैध, हा वाद तेथे गैरलागू ठरतो.

एहरामच्या अवस्थेत शिकार वर्ज्य आहे. हात आणि भाले पोहोचतील इतक्या जवळ शिकार आणून अल्लाह पारखतो की, न पाहता त्याचे भय कोण बाळगतो, असा आशय याच सूरहच्या 94 व्या आयतीत आहे. रात्रीच्या शेतातही वनरक्षक नसतो.