कोंडाईबारी उतरण्यापूर्वी

धुळे-सुरत महामार्गावरील कोंडाईबारी घाट आपल्या ट्रकवाल्या बांधवांना नवा नाही. साक्रीकडून भरलेली गाडी विसरवाडी-नवापूरकडे येते ती हा घाट उतरूनच. ऑक्टोबर २०२० मध्ये मलकापूरहून सुरतेला निघालेली खाजगी बस याच घाटात कोसळली व ५ जण दगावले.

उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतो, लायनर पकड सोडतो आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून घाट चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना घालावा, आणि तोही घाटाच्या तोंडाशीच. गाडी धावू लागल्यावर खालचा गिअर पडेलच असे नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या उस्तादांना आम्ही एवढेच विचारतो, वाचलेले डिझेल किती रुपयांचे?

दहिवेलला चहाला थांबाल तेव्हाच तपासणी उरकावी. हवेच्या टाकीतले पाणी काढून हवा पुन्हा भरू द्यावी. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा. काटा उतरतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. ती काढल्याशिवाय गाडी हलवू नये. चाकांचे नट, जोडचाकांत अडकलेला दगड, ताडपत्रीचे दोर हाताने चाचपावेत. ८ वर्षांवरील गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते, परंतु त्या कागदावर विसंबून ही पाहणी टाळू नये.

मालकांनाही एक सांगणे आहे. माल उशिरा पोचला म्हणून भत्ता कापाल, तर ड्रायव्हर दहिवेलला थांबणारच नाही.