तेल वाढलं कसं?

उन्हाळ कांद्याच्या हंगामात लासलगावच्या बाजार समितीकडे ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागली की तिच्यामागे अडकलेल्या जुन्या गाडीचा खरा स्वभाव बाहेर येतो. पंधरा पावलं पुढे जायचं, दहा मिनिटं थांबायचं. एप्रिलमधल्या अशाच एका दुपारी प्रस्तुत लेखक आपल्या प्रीमियर पद्मिनीत घाम पुसत बसला होता, आणि समोरच्या डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला, दिवा गेला. पाय काढला, पुन्हा आला.

लेखक शहाणा. त्याने रांगेतून गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, पाच मिनिटं थांबून बॉनेट उघडलं आणि डिपस्टिक पुसून बुडवून पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही वर! तेल कमी नाही, उलट जास्तच आहे. म्हणजे दिवाच खोटा. इथपर्यंतचं सगळं बरोबर केलं आणि निष्कर्ष तेवढा चुकला.

ही गाडी म्हणजे १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागलेल्या फियाट ११०० डिलाइटचीच पुढची पिढी. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईत काळी-पिवळी म्हणून तिने जन्म काढला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. गावाकडे मात्र अजून अशा काही गाड्या हौसेने जपल्या जातात. अडचण एवढीच, की तिच्या डॅशबोर्डवरचा हा दिवा नेमकं काय सांगतो, हे जपणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं.

तो तेल किती आहे हे सांगतच नाही. तो सांगतो तेलाचा दाब. इंजिनच्या ब्लॉकवर एक छोटा स्विच असतो. दाब नसेल तेव्हा तो दिव्याची वायर गाडीच्या अंगाला जोडतो, म्हणजे अर्थिंग करतो, आणि दिवा लागतो. दाब आला की आतला पडदा उचलला जातो, जोड सुटतो, दिवा विझतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर, सेल्फ मारण्याआधी हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागला नाही तर आनंद मानू नये. बल्ब गेलाय किंवा वायर तुटलीय, आणि उद्या दाब खरंच गेला तर कोणी सांगणारं उरलेलं नाही.

लेखकाने एका गॅरेजमध्ये स्विच बदलून घेतला. दिवा तसाच. 'जुन्या गाड्यांचं असंच असतं, वायर काढून टाकू का?' असंही तिथे विचारलं गेलं. वायर काढायला हरकत नाही, पण ती तपासणीसाठी. किल्ली चालू, इंजिन बंद ठेवून वायर स्विचवरून सोडवायची. तरीही दिवा जळत राहिला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकलेली आहे. विझला तर वायर निर्दोष, आणि मग एकच खरी परीक्षा उरते: स्विच काढून त्याच भोकात दाबाचा मीटर बसवायचा आणि गरम इंजिनवर आकडा वाचायचा. जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा असा, की इंजिनच्या दर हजार फेऱ्यांना दहा पौंड दाब हवा. स्विचचा दिवा मात्र दाब पाच-दहा पौंडांपर्यंत घसरल्यावरच लागतो. तो लागेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

मीटर लावायचा राहून गेला. नाशिकला एक लग्न होतं. येताना निफाड ओलांडल्यावर इंजिनातून ठक-ठक असा जड आवाज सुरू झाला. टॅपेटची टकटक वेगळी, ही खोलातून येत होती. गाडी थांबवली ती थांबवलीच. कांदा रिकामा करून परतणाऱ्या एका पिकअपने दोरीने ओढत गावात आणली.

मिस्त्रीने डिपस्टिक बाहेर काढली, दोन बोटांत तेल चोळलं आणि नाकाशी नेलं. मग ती लेखकाच्या नाकाशी धरली. पेट्रोल!

पद्मिनीचा पेट्रोल पंप, ज्याला गॅरेजात एसी पंप म्हणतात, इंजिनलाच लागून असतो आणि कॅमच्या हालचालीवर चालतो. त्याच्या आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला की पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं तसं थोडं थोडं खाली तेलाच्या चेंबरमध्येही झिरपतं. तेल वाढलेलं दिसतं आणि पातळ होतं. पातळ तेल गरम झालं की बेअरिंगच्या फटीतून पाण्यासारखं निसटतं आणि दाब पडतो. इंजिन संथ चालताना तेलाचा पंपही संथ, म्हणून दिवा रांगेतच लुकलुकायचा. महिनाभर गाडीचं अ‍ॅव्हरेज घसरलं होतं. त्याचा दोष लेखकाने कार्ब्युरेटरला दिला होता. दोन तक्रारी, कारण एक, आणि ते डिपस्टिकच्या दांडीवर लिहिलेलं होतं. इंजिनमधलं तेल आपोआप वाढत नसतं.

वास घेताना बिडी, काडेपेटी लांब ठेवावी, हे सांगायला नको. तरी सांगितलेलं बरं. पेट्रोलचा वास आला तर सेल्फही मारू नये. आधी पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची सुई पाहावी, कारण सुई अडकून ओसंडलेलं पेट्रोलही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं. दोष काढल्यावरच फिल्टरसकट नवं तेल भरावं. दांडीवर दुधाळ कॉफीचा रंग दिसला तर पाणी शिरलंय, बहुधा हेड गॅस्केटमधून. दिवा फक्त वळणावर किंवा ब्रेक मारताना चमकत असेल तर मात्र तेल खरोखर कमी आहे. ते एका बाजूला कलतं आणि तेलाच्या पंपाची जाळी क्षणभर उघडी पडते. आणि धावत्या गाडीत दिवा लागून तसाच राहिला, तर 'पुढच्या गावापर्यंत' हा विचार करू नये. तिथेच इंजिन बंद.

लेखकाच्या इंजिनाचं चेंबर उतरवलं तेव्हा तळाशी चंदेरी चुरा होता. क्रँक लेथवर घासून 'दहा'वर न्यावी लागली, म्हणजे दहा सहस्रांश इंच, आणि त्या मापाची बेअरिंग मागवावी लागली. डायफ्रॅमचा किट त्या खर्चापुढे चहापाण्याइतका. डॅशबोर्डखाली आता दाबाचा मीटर कायमचा बसला आहे.

बदलून काढलेला तो पहिला स्विच मिस्त्रीने हवेच्या पंपावर तपासून पाहिला. ठणठणीत निघाला. सध्या डिकीत जादा स्पेअर म्हणून पडून आहे.