इंग्रजीतले दोन चिमुकले शब्द



या वेळी गुरुजींनी मला इंग्रजीचा लेख लिहायला सांगितला. का सांगितला ते आधी सांगते. त्यात माझीच चूक आहे, पण सांगते.

आमच्या दादांना इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवतात. म्हणून घरात इंग्रजी काही आले की सगळे मलाच हाक मारतात. खताचे पोते असो की बियाण्याची पिशवी असो, "ये गं, वाच गं" म्हणतात. मला त्याची मोठी ऐट वाटायची.

एकदा आजीला डॉक्टरांनी गोळ्यांची बाटली दिली. आजी म्हणाली, "बघ गं, काय लिहिलंय." मी बारीक अक्षर वाचले. 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन.' कीप म्हणजे ठेवा, रीच म्हणजे पोहोचणे आणि चिल्ड्रन म्हणजे मुले, एवढे मला येत होते. आउट आणि ऑफ हे लहान शब्द. ते मी सोडून दिले. आणि आजीला ठणकावून सांगितले, "मुलांचा हात पोहोचेल अशी ठेवा." आजी म्हणाली, "अगं बाई, माझ्या गोळ्या पोरांना कशाला?" मी म्हटलं, "लिहिलंय तसं सांगते." आजीने बाटली खालच्या कोनाड्यात ठेवली.

संध्याकाळी आई रानातून आली. बघते तर माझा ३ वर्षांचा भाऊ ती बाटली खुळखुळ्यासारखी वाजवत होता आणि दाताने झाकण ओढत होता. झाकण घट्ट होते म्हणून बरे. आईने बाटली हिसकावून घेतली. मग सगळे कळले. मी त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य वहीत लिहून शाळेत नेले. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "तू मोठे शब्द वाचलेस आणि लहान शब्द सोडलेस. इंग्रजीत खरे काम लहान शब्दच करतात." मग त्यांनी दोन दिवस आम्हाला तेच शिकवले. ते आता लिहिते.

आधी मराठीत बघू

गुरुजींनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली.
१. तो बाहेर गेला.
२. तो घराबाहेर गेला.
पहिल्या वाक्यात 'बाहेर' सुटा आहे. तो कुठे गेला एवढेच सांगतो. म्हणजे तो क्रियापदाचा सोबती. त्याला क्रियाविशेषण अव्यय म्हणतात. दुसऱ्या वाक्यात 'बाहेर' घराला चिकटला. आता तो नामाचा सोबती झाला. त्याला शब्दयोगी अव्यय म्हणतात. नावे अवघड आहेत, पण काम सोपे आहे. शब्द तोच, सोबती निराळा.

इंग्रजीत पण असेच असते. "मे आय कम इन, सर?" यात इन सुटा आहे, तो कमचा सोबती. "द बुक इज इन द बॅग" यात इन बॅगचा सोबती. फरक एवढाच की आपला शब्दयोगी नामाच्या नंतर येतो आणि त्याला चिकटतो. इंग्रजीतला नामाच्या आधी येतो आणि सुटा लिहितात. म्हणून आपण फसतो.

दोघे शेजारी आले तर

कधी कधी हे दोन्ही सोबती एकामागे एक येतात. मग कोणता कोणाचा हे कसे ओळखायचे? गुरुजींनी हाताने झाकायची युक्ती सांगितली. हे वाक्य घ्या.

द हेन केम डाउन फ्रॉम द रूफ.

'द रूफ' वर हात ठेवा. उरले, "द हेन केम डाउन फ्रॉम". ऐकणारा विचारील, कुठून? वाक्य लटकले. आता फ्रॉमवर पण हात ठेवा. उरले, "द हेन केम डाउन." कोंबडी खाली आली. वाक्य पुरे झाले! म्हणजे डाउन हा केमचा सोबती आणि फ्रॉम हा रूफचा सोबती. नाम गेले की फ्रॉमला पण जावे लागते. डाउन मात्र राहू शकतो.

लक्षात ठेवायचे ते असे. पहिला शब्द कोणीकडे ते सांगतो. वर, खाली, परत, दूर, बाहेर. दुसरा शब्द पुढच्या नामाशी गाठ मारतो.

उलटी माळ

आता खरी गंमत. त्याच वाक्याचे मराठी करा. कोंबडी छपरावरून खाली आली. 'द' सोडून द्या आणि इंग्रजी वाक्य शेवटून वाचा. रूफ, फ्रॉम, डाउन, केम. आता मराठी वाचा. छपरा, वरून, खाली, आली. एकेक मणी जुळतो! इंग्रजीची माळ उलटी धरली की मराठी होते. फक्त कोंबडी पहिलीच राहते.

आणखी बघा.
आय वेंट बॅक टू स्कूल. मी शाळेत परत गेले.
ही रॅन आउट ऑफ द हाउस. तो घरातून बाहेर पळाला.

दुसऱ्या वाक्यात आउट आणि ऑफ आले. हे दोघे जिवलग मित्र आहेत. काही पुस्तकांत त्यांना मिळून एकच शब्दयोगी धरतात. इन आणि टू हे तर इतके जवळ आले की 'इनटू' असा एकच शब्द झाला. आउट ऑफ मात्र अजून सुटे लिहितात.

फसवी वाक्ये

प्रत्येक वेळी माळ जुळतेच असे नाही. गुरुजींनी विचारले, "वी रॅन आउट ऑफ सॉल्ट म्हणजे काय?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "आम्ही मिठातून बाहेर पळालो!" सगळा वर्ग हसला. खरा अर्थ आहे, आमच्याकडचे मीठ संपले. तसेच "गेट ऑन विथ युअर वर्क" म्हणजे कामावर चढा असे नाही, तर तुमचे काम चालू ठेवा. अशी वाक्ये आपल्या म्हणींसारखी पाठच करावी लागतात.

माझ्या बाटलीचे वाक्य

शेवटी गुरुजींनी मला फळ्याजवळ बोलावले आणि माझे वाक्य उलटे लिहायला सांगितले. मी लिहिले.

चिल्ड्रन, ऑफ, रीच, ऑफ, आउट, कीप.
मुलां, च्या, आवाक्या, च्या, बाहेर, ठेवा.

सहाच्या सहा जुळले! मुलांच्या आवाक्याच्या बाहेर ठेवा. मी सांगितले होते त्याच्या अगदी उलट. 'बाहेर' हा एवढासा शब्द मी गाळला होता आणि माझा भाऊ वाचला तो झाकणामुळे, माझ्या इंग्रजीमुळे नाही.

घरी जाऊन मी ते वाक्य आजीला नीट वाचून दाखवले. आजी म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं." आता बाटली वरच्या फळीवर असते. मी पण न कळलेले वाक्य कळले असे सांगत नाही. "गुरुजींना विचारून सांगते" म्हणते. त्यात लाज नाही.

मुलांनो, आज घरी गेल्यावर औषधाच्या आणि फवारणीच्या बाटल्या कुठे आहेत ते बघा. त्यांना हात लावू नका, मोठ्यांना सांगा. पालकांनी त्या उंच जागी किंवा कुलपात ठेवाव्या ही विनंती.

हे सोडवा (हाताने झाकून बघा, मग माळ उलटी करा.)
१. शी लुक्ड अप ॲट द स्काय.
२. द डॉग रॅन अवे फ्रॉम द बुल.

उत्तरे : १. तिने आभाळाकडे वर पाहिले. २. कुत्रा बैलापासून दूर पळाला.

काही चुकले असेल तर मला वर्गात सांगा.

एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी