कोयत्याचा घाव आणि अडलेलं रक्त

दसरा-दिवाळीच्या सुमारास माजलगाव परिसरातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. ऊस तोडताना कोयत्याचा खोल घाव बसला तर गॅस गँगरीन हा स्नायू सडवणारा आजार होऊ शकतो. त्याबद्दल त्यांना आधीच सांगून ठेवावं, म्हणून हा लेख.

जनावरांचा फऱ्या तुम्ही पाहिला असेल. मांडीला सूज येते, दाबली की चरचर वाजते आणि धडधाकट बैल एक-दोन दिवसांत दगावतो. गॅस गँगरीनचा जंतू त्याच जातकुळीतला. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स त्याचं नाव. तो मातीत आणि शेणात असतो. पहिल्या महायुद्धात खत घातलेल्या शेतांत जखमी झालेले कितीतरी सैनिक त्याने नेले.

या जंतूला हवा सोसत नाही. खोल घावात, चेचलेल्या मांसात तो फोफावतो. त्याचं विष प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या करून बारीक रक्तवाहिन्या बुजवतं. मग स्नायूला प्राणवायू मिळत नाही, जंतूशी लढणाऱ्या पेशी पोचत नाहीत आणि शिरेतून दिलेलं औषधही तिथवर जात नाही. म्हणूनच रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाचा इथे उपयोग होईल का, याचं संशोधन झालं आहे. मला ही दिशा मोलाची वाटते, कारण जंतूचा खरा डाव रक्त अडवण्याचाच आहे. पण अशा रुग्णाचा रक्तदाब आधीच कोसळत असतो आणि ही औषधं तो आणखी उतरवू शकतात. घरातली बीपीची गोळी कृपा करून कुणाला देऊ नका. आज जीव वाचतो तो सडलेला स्नायू तातडीने कापून काढल्याने, सोबत पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन दिल्याने.

कोयता लागलाच तर घाव भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, माती, तंबाखू भरू नका. मळकट खोल जखम लगेच शिवून घेण्याचा आग्रह धरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच, पण ते या आजाराला अडवत नाही.

जखमेच्या मानाने वेदना फार वाढल्या, सूज पसरली, कातडी तांबूस-काळी पडली, फोड आले, घाण वास सुटला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. इथे असाल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा. फडावर असाल तर मुकादमाकडे तेव्हाच गाडी मागा आणि शस्त्रक्रिया होते अशा तिथल्याच जवळच्या रुग्णालयात जा. गावी परतून दाखवू म्हणाल, तर प्रवासातच पाय हातचा जाईल.