शंका-समाधान : कथालेखनाचा विनोदी पॉडकास्ट

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी कथालेखनावर विनोदी पॉडकास्ट करतो. त्यात पु. ल. आणि चिं. वि. जोशींचं लेखन वाचून दाखवलं. आता कुणी म्हणतंय, केस होईल. धास्तीनं झोप उडालीय. सगळे भाग काढून टाकू का?

उत्तर : सगळे काढण्याची गरज नाही. भारतात स्वामित्वहक्क (कृती छापण्याचा, प्रसारित करण्याचा हक्क) लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. चिं. वि. १९६३ मध्ये गेले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०२४ पासून खुले आहे. त्यांच्या चिमणरावाच्या कथा निर्धास्त वाचा. पु. ल. २००० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे.

मात्र विनोद कसा साधला हे उलगडून दाखवताना, लेखकाचे नाव घेऊन, मोजका उतारा देण्यास १९५७च्या कायद्यात वाव आहे. ‘मोजका’ म्हणजे किती ओळी, हे कायदा सांगत नाही. अख्खा लेख वाचला असेल तर तो भाग तूर्त बाजूला ठेवून हक्कधारकांकडे परवानगी मागा. नोटीस आलीच, तर स्वतः उत्तर न लिहिता या विषयातील वकिलांना भेटा.

प्रश्न : एका काकांनी कळवलं, ‘लेखन ही साधना आहे, खिदळणं नव्हे.’ तेव्हापासून बोलताना जीभ अडखळते. आम्ही उथळ आहोत का?

उत्तर : हसण्याने विषय उथळ होत नाही. ब्रँडन सँडरसन, डॅन वेल्स आणि हॉवर्ड टेलर या अमेरिकी लेखकांनी २००८ मध्ये ‘रायटिंग एक्स्क्यूजेस’ हा कथालेखनावरचा पॉडकास्ट सुरू केला. पंधरा मिनिटांच्या आसपास गप्पा, त्यांत भरपूर थट्टा, आणि शेवटी लेखनाचा एक स्वाध्याय. त्याला २०१३ मध्ये ह्यूगो पुरस्कार (विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या क्षेत्रातला) मिळाला. आपल्याकडे शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर यांनी कथाकथनातून सभागृहे हसवली, म्हणून त्यांची कथा हलकी ठरली नाही.

काकांच्या म्हणण्यातून एक गोष्ट मात्र जरूर घ्या. तुमचा श्रोता कानात इअरफोन घालून एकटाच बसलेला असतो. तुम्हा दोघींतच समजणारा विनोद त्याला दाराबाहेर ठेवतो. हसू कथेच्या घडणीतून येऊ द्या. चिमणराव स्वतःची फजिती अगदी गंभीरपणे सांगतो. त्याला जे कळत नाही ते वाचकाला कळते, आणि तिथेच हसू फुटते. निवेदक (गोष्ट सांगणारा) कसा निवडावा, याचा यापेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही.

प्रश्न : पात्रांचे आवाज काढून घसा बसतो. कॅन्सर तर नसेल ना?

उत्तर : अशा वापराने स्वररज्जूंना (स्वरयंत्रातील कंप पावणाऱ्या पट्ट्यांना) सूज येते, बहुधा विश्रांती आणि पुरेसे पाणी यांनी ती ओसरते. कुजबुजून बोलणे ही विश्रांती नव्हे. ओरडण्याऐवजी माइक जवळ घ्या. आवाज तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. गिळताना त्रास, थुंकीत रक्त किंवा मानेत गाठ असेल तर तेवढेही थांबू नका. श्वास अडत असेल तर तडक रुग्णालय गाठा.