पाटी कंपनीची, इमान पंपवाल्याचे

ताग्यावर छाप मिलचा असतो, पण गज दुकानदाराच्या हातात असतो. इंधनाचेही तसेच आहे.

मुर्ध्याहून भिवंडीला टेम्पो पाठवणारे व्यापारी नेहमी विचारतात की, डिझेल मोठ्या कंपनीच्याच पंपावर भरावे, की खाजगी पंपावर विश्वास ठेवावा? इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्तान पेट्रोलियम यांचे बहुतेक पंप डीलर चालवतात. म्हणजे पाटी कंपनीची असली तरी गल्ल्यावर खाजगी माणूसच बसलेला असतो.

डेपोतून निघालेला माल तीन ठिकाणी बिघडू शकतो.

पहिले ठिकाण टँकरचा रस्ता. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. त्याच परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी भेसळखोरांना अडवणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा नफा इतका मोठा होता.

दुसरे ठिकाण जमिनीखालची टाकी. मिठागरांच्या सखल भागात पावसाचे पाणी टाकीत झिरपण्याची भीती असते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढते व पाणी वाढले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. मग गाडी बंद पडते.

तिसरे ठिकाण नोझल, म्हणजे माप.

सबब पाटीऐवजी पुढील गोष्टी पाहाव्यात:

१) नोझलचे टोक पुसून पेट्रोलचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकावा. दोनेक मिनिटांत तो उडून जावा. काळपट डाग राहिला तर संशय घ्यावा. डिझेलला ही कसोटी लागू नाही.

२) पेट्रोल व डिझेल दोन्हींची घनता विचारावी. १५ अंश तापमानाला काढलेली घनता टँकरच्या चलनावरील नोंदीशी ताडून पाहतात. घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक नसावा.

३) वैधमापन खात्याचा शिक्का असलेले ५ लिटरचे माप मागावे. २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही.

४) पावती घ्यावी व दर फेरीचे किलोमीटर वहीत लिहावेत. पावतीशिवाय केलेली तक्रार टिकत नाही.

जो मालक कपाळाला आठी न घालता माप पुढे करतो, त्याचे गिऱ्हाईक व्हावे. मग त्याच्या पंपावर पाटी कोणाचीही असो.