गिझरचे पाणी उकळू लागले तर

आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरी आता बंब जाऊन गिझर आला आहे. बंबाचे झाकण सैल असते. जाळ जास्त झाला तर वाफ वरून निघून जाते, म्हणून बंबाला फुटायची भीती नाही. पाणी संपले आणि जाळ तसाच राहिला तर डाक वितळून तो गळू लागतो एवढेच. गिझर मात्र चहूबाजूंनी बंद असतो. म्हणून त्याच्या पोटात काय आहे ते माहीत पाहिजे.

आत पाणी तापवणारी कॉइल असते आणि तिच्याजवळ थर्मोस्टॅट असतो. उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे आपण विज्ञानात शिकलो. दोन धातूंचे प्रसरण सारखे नसते, त्या फरकावर थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो बिघडला तर कटआऊट आहे, आणि त्यानेही दगा दिला तर जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. कुकरला शिट्टी असून शिवाय सेफ्टी प्लग असतो, तसेच हे.

मी एक गणित करून पाहिले. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १५ × ३५ × ४२०० म्हणजे सुमारे २२ लाख ज्यूल उष्णता लागते. कॉइल २००० वॅटची असेल तर ११०० सेकंद, म्हणजे अठरा-एकोणीस मिनिटे. तेव्हा पाऊण तास झाला तरी दिवा विझत नसेल तर समजावे, थर्मोस्टॅट अडकला.

आमच्याकडे गेल्या हिवाळ्यात असेच झाले. धाकट्या भावाच्या अंघोळीसाठी आईने नळ सोडला तर पाण्याऐवजी फुसफुस करत वाफच आली. बादली अजून रिकामी होती आणि भाऊ दारात उभा होता म्हणून बरे. वडिलांनी नळ बंद केला, हात कोरडे करून मेन स्विच पाडला आणि गिझर निवू दिला. दुपारी वायरमनकाका आले. थर्मोस्टॅटची टोके जळून एकमेकांना चिकटली होती, त्यामुळे वीज तुटतच नव्हती. मग कटआऊटने का तोडली नाही? तर मागच्या दुरुस्तीत कुणीतरी तो काढून वायरी ‘डायरेक्ट’ जोडल्या होत्या! सारखा पडतो म्हणून असे करतात म्हणे. मला तर हे कुकरच्या सेफ्टी प्लगच्या जागी खिळा ठोकण्यासारखे वाटते. कटआऊट सारखा पडतो म्हणजे तो बिघडलाय असे नाही, तो काहीतरी सांगतोय.

व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून शेजारचे एक काका बूच मारा म्हणाले. वायरमनकाकांनी साफ नाही म्हटले. १५ लिटर पाणी तापून ६० अंशांवर गेले की पेलाभर वाढते, ते जाणार कुठे? तापताना थोडे थेंब पडणारच. धार लागली किंवा वाफ आली तरच काळजी.

दुसरे कारण बोअरचे जड पाणी. त्यातला चुना कॉइलवर पांढरा थर धरतो. थर्मोस्टॅटच्या नळीवरही तो बसतो, मग तिला उष्णता उशिरा कळते. थराखाली पाणी उकळते तेव्हा आतून खडखड ऐकू येते. काकांनी काढलेला थर मी वाटीत घेऊन वर लिंबू पिळले, तर भराभर बुडबुडे आले. तो कार्बन डायॉक्साइड. तुम्हीही बंबातला किंवा पाणी तापवायच्या पातेल्यातला पांढरा थर खरवडून करून बघा.

गिझर आपण मुलांनी उघडायचा नाही, त्यात २३० व्होल्ट असतात. मोठ्या माणसांनीही वायरमन बोलवावा आणि तो गेल्यावर कटआऊट जागेवर आहे ना, हे विचारून घ्यावे. कुणाला भाजलेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या गार पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई काही लावू नये, आणि फोड मोठे असतील तर लगेच दवाखान्यात न्यावे.